पंधरा मिनिटं

"बाई, काय खरं असेल ते लिहा. म्हातारा घरी नुसती सोंगं करतो," असं दारात उभा असलेला तिशीच्या आतला माणूस म्हणाला, आणि रत्नप्रभाच्या हातातली पुठ्ठ्याची नळी खाली पडली. ती वाकली, नळी उचलून बादलीत टाकली, पाकिटातून दुसरी काढली. पडलेली नळी पेशंटच्या तोंडाला लावायची नसते, एवढं तिच्या हातांना तिच्याशिवायच कळत होतं. सोंग हा शब्द मुलुंडच्या ह्या पालिकेच्या रुग्णालयात, ह्या आठ बाय दहाच्या खोलीत, रोज कुणी ना कुणी उच्चारायचंच. सासू सुनेबद्दल बोलायची, मुकादम कामगाराबद्दल, कधी आई स्वतःच्या पोराबद्दल. अकरा वर्षं दम मोजायच्या, फुंकायच्या यंत्रापाशी बसून तिला तो ऐकू येईनासा झाला होता. आज ऐकू आला, कारण तो एका ओळखीच्या हेलात आला होता. पहिल्या अक्षरावर जोर आणि दुसरं जवळजवळ गिळलेलं. तिनं केसपेपर सुलट केला. धाकू बाबाजी तावडे. वय पासष्ट. राहणार भांडुप. पूर्वीचा धंदा, गिरणी कामगार. मग तिनं मान वर केली.

म्हातारा स्टुलावर बसलेला होता. दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून, खांदे कानांपर्यंत चढवून, तोंड किंचित उघडं. ह्या बसण्याचं पुस्तकात नाव असतं, आणि पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी तिनं ते बसणं पाहिलं होतं, घाटकोपरच्या चाळीच्या जिन्यावर, चौथ्या पायरीवर, नऊ वर्षांच्या पोराच्या अंगात. आता तेच बसणं ह्या माणसाच्या अंगात उतरलेलं पाहून तिला आत कुठेतरी गार, स्वच्छ असं काहीतरी वाटलं. तिला स्वतःला त्याचं नाव देता येईना. आनंद म्हणावा तर त्यात दात होते. मिशा पिकल्या होत्या, मनगटं काटकुळी झाली होती, पण डाव्या भुवईतली खोक तीच, गिरणीतल्या पट्ट्यानं पडलेली. काका. तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर यंत्राकडे वळवली. ओळखलं नाही, असं तिला वाटलं. ओळखणार कसा? पंचवीस वर्षं झाली होती. अकरा वर्षांच्या, दोन वेण्यांच्या प्रभीची आता केस कातरलेली, चष्मा लावणारी, पांढऱ्या कोटातली सौ. राणे झाली होती.

"तुम्ही बाहेर बसा," ती त्या मुलाला म्हणाली. म्हणजे हा काकाचा मुलगा, दशरथ. त्या वेळी तीन वर्षांचा होता, गॅलरीतून चाळीभर धावत सुटायचा. "बसतो," दशरथ म्हणाला, "पण बाई, एक सांगू? वॉचमनची नोकरी लावून दिली ह्यांना. बसायचं काम, यार. चार दिवस गेले आणि दम लागतो म्हणून घरी. सून आली की दम, नातू शाळेत सोडायचा म्हटलं की दम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणी करा, मग बोलू. कागदावर आलं ना, की विषय संपला." तो बाहेर गेला. तिनं दार लावून घेतलं. कडी लावली नाही. कडीला तिनं गेली पंचवीस वर्षं शक्यतो हात लावला नव्हता. नवरा थट्टा करायचा, की आपल्या घरात एक दिवस चोर शिरणार आणि प्रभा त्याला या बसा म्हणणार.

"नाकाला चिमटा लावते. नळी ओठांत घट्ट धरायची. छाती भरून श्वास घ्या आणि मी सांगेन तेव्हा एकदम सोडा, जोरात, संपेपर्यंत." त्यानं मान हलवली. तो फुंकला. यंत्राचा भाता उचलला गेला, कागदावर पेनानं रेघ ओढली, चढण सुरू होताच थकून आडवी झालेली. एका सेकंदात एक लिटर आणि वर थोडंसं. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला अडीच हवेत. असं तीन वेळा फुंकवायचं आणि त्यातला सगळ्यात चांगला आकडा धरायचा, हा नियम. तीन झाले. "पुन्हा," ती म्हणाली. चौथा. "पुन्हा. अजून. अजून सोडा, थांबू नका, अजून, अजून." हे शब्द ती दिवसातून चाळीसदा म्हणायची आणि त्यात काही नसायचं. आज प्रत्येक ‘अजून’ तिच्या दातांमधून बाहेर पडताना गोड लागत होता. पाचवा. सहावा. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जाऊ लागला, छातीतली शिट्टी तिला टेबलापलीकडे ऐकू यायला लागली. दम्याच्या माणसाला असं फुंकवत राहिलं की नळ्या आणखी आवळतात, हे तिला पाठ होतं. सातवा. त्यानं एकदाही हात वर केला नाही, पुरे म्हटलं नाही. हे तिला खटकलं. बाकीचे लोक चौथ्यालाच भांडतात. आठव्याला रेघ एक लिटरच्याही खाली राहिली, तेव्हा तिनं चिमटा काढला.

चाळ घाटकोपरला टेकडीच्या उतारावर होती आणि पाणी खाली. वडील विषमज्वरानं गेले, आई देवगडकडे शेत आणि आजी सांभाळत राहिली, आणि दोन्ही पोरांना शिकायला म्हणून काकाकडे मुंबईला धाडलं. गावी तिचा धाकटा भाऊ नंदू माडावर चढायचा. मुंबईत आल्यावर वर्षभरात त्याच्या छातीत मांजर घुरघुरायला लागलं. काका कुर्ल्याच्या गिरणीत, पिंजणीच्या खात्यात. घरी यायचा तो केसांत, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणींत कापसाची तूस घेऊन, आणि सदरा खुंटीला टांगायचा तो नेमका नंदूच्या अंथरुणाच्या वर. हे सगळं आता तिला जोडता यायचं, एखादं गणित सुटावं तसं. तूस, धूर, कोंदट खोली, नळ्यांच्या आतली सूज. पेशंटांच्या आयांना ती हेच समजावत असायची. उशीची खोळ गरम पाण्यात धुवा, पोराला झाडू मारायला लावू नका, उदबत्ती त्याच्या खोलीत नको, बरं वाटलं म्हणून औषध बंद करू नका. आया मान डोलवायच्या. तेव्हा मात्र घरात एकच औषध होतं. "कामाला जुंपा, दम पळतो," काका म्हणायचा. "गड्याच्या पोराला कसला दमा? शाळा बुडवायला सोंगं." कुंदाकाकी चुलीपाशी गप्प असायची. एकदा शाळेतल्या मास्तरांनी नंदूला गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं दंडात सुई टोचली, आणि अर्ध्या तासात तो घरी पळत आला होता, खरोखर पळत, प्रभीच्या पुढे. म्हणजे उपाय होता. चारशे पावलांवर होता. तिनं मोठेपणी एकदा जाऊन मोजली होती.

आता पुढची पायरी. औषधाचे दोन झोत द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकवायचं. आकडा चढला तर दमा. नळ्या आवळल्यात पण उघडतात, औषधानं माणूस नीट जगू शकतो. चढला नाही तर डॉक्टरांच्या लेखी हे धुळीनं आणि विडीनं खाल्लेलं फुप्फुस, त्याला फार काही करण्यासारखं नाही. आणि दशरथच्या लेखी? तो कागद कसाही वाचेल. तिच्या टेबलाला दोन खण होते. वरच्यात भरलेला पंप. खालच्यात दाखवायचे पंप, कंपनीनं दिलेले, पेशंटांना कसं दाबायचं ते शिकवायला. दाबला की फुस्स करून नुसती हवा येते. तिनं खालचा खण उघडला.

तिनं दाखवायचा पंप काढून हलवला, भरलेला हलवतात तसा. "श्वास पूर्ण बाहेर सोडा. आता तोंडात धरा. मी दाबते तेव्हा हळूहळू आत ओढा. धरून ठेवा." त्यानं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, आज्ञाधारक पोरासारखं. दोन झोत हवेचे. "आता पंधरा मिनिटं बसायचं," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

ती त्याच्यासमोर बसून राहिली. एरवी ह्या वेळात ती नोंदी लिहायची, पुढच्या पेशंटची उंची मोजायची. आज तिनं काहीच केलं नाही. तिला बघायचं होतं. माणूस हवेसाठी झगडतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं हे तिनं हजारदा पाहिलं होतं, पण हे तोंड बघण्यासाठी ती जणू अकरा वर्षं ह्या खुर्चीत बसली होती. नोकरी तिनं पोरांना वाचवण्यासाठी धरली असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्याखाली हेही होतं, चिखलातल्या खेकड्यासारखं दबा धरून. बाहेर शास्त्री मार्गावरून ट्रक जात होते, खिडकीतून कारखान्यांचा आंबूस वास आत येत होता. त्या वासानं त्याला खोकला आला. ती उठून खिडकी लावू शकली असती. ती बसून राहिली. बघ, ती मनात म्हणत होती, बघ, किती लांब असतात पंधरा मिनिटं. घड्याळाचा काटा कसा डिंकात चालतो. हवा समोर आहे, सगळ्यांना पुरते आहे, तुलाच तेवढी नाही. आणि समोर माणूस बसलाय, त्याच्या हातात आहे, तो देत नाही. तुला तरी कुणी कोंडलेलं नाही. तुला स्टूल आहे. तुझ्या मागे गाद्यांचा ढीग नाही.

कारण त्या रविवारी खाली पिंजारी बसला होता, चाळीतल्या सगळ्या गाद्या पिंजत होता, आणि हवेत कापूस उडत होता. सकाळचे दहा वाजले असतील. नंदूला काकानं नळावरून पाणी भरायला लावलं होतं. चौथ्या खेपेला तो जिन्यावर बसला आणि उठेना. काकानं त्याला दंडाला धरून वर आणलं, गॅलरीच्या टोकाला लाकूडफाटा आणि जुन्या गाद्या ठेवायची खोली होती, तिच्यात ढकललं. "सोंग संपलं की बाहेर ये. प्रभे, कडी लाव." आणि प्रभीनं कडी लावली. आजवर हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, आईला नाही, नवऱ्याला नाही. कडी तिनं लावली होती, टाचा उंचावून, दोन्ही हातांनी. भीतीनं लावली, असं ती स्वतःला समजवायची. पण त्यात थोडी चीडही होती, कारण नंदू बसला की त्याच्या वाटचं पाणी तिला भरावं लागायचं, आणि क्षणभर, एकच क्षण, तिलाही वाटलं होतं की हा सोंग करतोय. मग ती उरलेली बादली आणायला खाली गेली होती.

अकरा वाजून सोळा. सतरा. म्हाताऱ्याचे ओठ कडेला निळसर दिसायला लागले होते. बोटांची नखंही. तो मांडीवर हात दाबून आढ्याकडे बघत होता आणि प्रत्येक श्वास मोजून उचलत होता. आता खरं तर थांबायला नको होतं. ‘किती जड जातंय?’ असं विचारायचं असतं. तिनं विचारलं, आणि तिचाच आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला. "काय, कसं वाटतंय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहरा कसाबसा सावरला. खांदे खाली आणायचा प्रयत्न केला, ते आले नाहीत. आणि इतका वेळ एक अक्षर न बोललेला तो माणूस गावच्या बोलीत, लहान, घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बरां वाटता, बाई. माका बरां वाटता."

खोली तिच्याभोवती एकदम बारीक झाली. हे वाक्य तिनं ऐकलेलं होतं. बंद दारामागून. बादली घेऊन ती वर आली तेव्हा काका दारापाशी उभा राहून विचारत होता, काय रे, संपलं का सोंग? आणि आतून आवाज आला होता, बरां वाटता, काकानू. माका बरां वाटता. मग काका समाधानानं म्हणाला होता, बघितलंस? आणि अजून थोडा वेळ राहू दे, म्हणजे पुन्हा करणार नाही, असं सांगून दाढीचं पाणी घेऊन बसला होता. दाढी करून त्यानं कडी काढली तेव्हा नंदू गाद्यांवर पडलेला होता, गेलेला. पंचवीस वर्षं तिला कळलं नव्हतं, की ज्याला श्वास येत नव्हता तो पोरगा असं का म्हणाला. आता कळलं. ज्याच्या हातात दार असतं त्याला माणूस तेच सांगतो जे त्याला ऐकायचं असतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आत्ता जे होतं ते तिनं दाराच्या ह्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. आणि दाराच्या ह्या बाजूला, दाढीचं पाणी घेऊन, आज ती बसली होती.

ती उठली. वरचा खण तिनं इतक्या जोरात ओढला की आतली कात्री बाहेर उडाली. "श्वास सोडा," ती म्हणाली, "जमेल तेवढा. धरा तोंडात. ओढा. ओढा, काका!" शब्द निघून गेला. दोन झोत, मिनिटभरानं आणखी दोन. भिंतीशी प्राणवायूची टाकी होती, तिचा मास्क तिनं त्याच्या तोंडावर धरला आणि दार उघडून वॉर्डबॉयला ओरडून सांगितलं, डॉक्टर अनुपमाबाईंना बोलाव, पळ. बाई आल्या, छातीला स्टेथोस्कोप लावला, दंडात सुई दिली, रत्नप्रभाकडे पाहून म्हणाल्या, "टेस्टमध्येच बिघडला? होतं असं कधीकधी. नशीब, तुम्ही होतात." तिला खरं सांगता आलं असतं; तिनं वाकून जमिनीवरची कात्री उचलली.

पाऊण तासानं त्याला पुन्हा फुंकवलं. एकदाच. पेनानं ओढलेली रेघ ह्या खेपेला उंच गेली. एक लिटर आठशे. एवढा फरक फार थोड्यांच्या कागदावर दिसायचा. म्हातारा आपल्याच छातीवर हात ठेवून बसला होता, आत कुणी नवं राहायला आल्यासारखा. तिनं दशरथला आत बोलावलं. दोन्ही रेघा त्याच्यासमोर धरल्या. "ही औषधाआधीची. ही नंतरची. ही रेघ कुणाला ठरवून काढता येत नाही. तुमच्या वडिलांना दमा आहे. सोंग नाही. ऐकलंत? मोठ्यानं म्हणा, म्हणजे मला कळेल ऐकलंत ते." दशरथ गोंधळला. "सोंग नाही," तो पुटपुटला. "जा, खालून औषधं घेऊन या."

तो गेल्यावर ती म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. "मी प्रभा," ती म्हणाली.

"म्हायत हा," तो म्हणाला. मग मुंबईच्या बोलीवर आला. "पहिल्यांदा ‘अजून’ म्हणालीस तेव्हाच ओळखलं. तुझ्या आईचा आवाज." थोडं थांबून, श्वास घेऊन, जो आता सहज येत होता: "पहिल्या पंपात काय नव्हतं. दुसरा कडू लागला."

तिनं नजर काढून घेतली नाही. "नव्हतं," ती म्हणाली. "हवा होती."

त्यानं मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थानं, आणि ती मान हलवणं तिला सहन झालं नाही. त्यानं आरडाओरडा करावा, तक्रार करावी, असं तिला वाटत होतं. तो बोलत राहिला, खाली बघत. त्यालाही लहानपणी दमा होता. बापानं त्याला भाताच्या कणगीमागं कोंडून घातलं होतं, दोनदा, आणि मग दमा गेला होता. खरंच गेला होता, चाळीस-बेचाळीस वर्षं नाव नव्हतं. "वाटलं, असाच जातो. माझा गेला. नंदूचा पण..." "तुमचा कोंडल्यानं गेला नव्हता," ती तोडत म्हणाली. "वयात येताना काही पोरांचा आपोआप जातो. आणि म्हातारपणी परत येतो. तुमच्या बापाला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत नव्हतं. पण दवाखाना माहीत होता तुम्हाला. त्याला एक सुई पुरली असती, काका. आत्ता तुमच्या दंडात दिली तशीच. चारशे पावलं होती." त्यानं दंड चोळला. डोळे कोरडेच होते. तिचेही. आता मी क्षमा करणार, असं कुठेतरी वाचलेलं तिला आठवलं, आणि तिनं आत शोधून पाहिलं; तिथे तसं काही नव्हतं. होता तो तोच राग, फक्त आता त्याला दोन तोंडं होती, आणि एक तिच्याकडे वळलेलं होतं.

दशरथ पिशवी घेऊन आला. तिनं दोघांना पुढ्यात बसवून शिकवलं. हा रोजचा, बरं असलं तरी घ्यायचा. हा दम लागला की. घेतल्यावर चूळ भरायची. विडी बंद, चुलीपाशी बसायचं नाही, सदरे वेगळे धुवायचे. पंप दाबायला त्याला जमेना. हात एकीकडे, श्वास दुसरीकडे. तिनं त्याच्याकडून बारा वेळा करून घेतलं, आणि हे बारा त्या आठांसारखे नव्हते, पण अगदीच वेगळेही नव्हते. "दर महिन्याला यायचं. पहिल्या मंगळवारी. दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे." कागदाच्या कोपऱ्यात तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: पहिल्या वेळी औषध पोचले नाही, चाचणी पुन्हा केली. सही केली. डॉक्टर अनुपमाबाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि खाली आपली सही केली.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं दार उघडलं तेव्हा ती चपला न काढताच म्हणाली, "नंदूच्या खोलीची कडी मी लावली होती." त्यानं हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, रिकाम्या पंपासकट.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी धाकू तावडे एकटाच आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. भांडुपहून बसनं आला होता. दोन जिने न थांबता चढला, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं दारातून पाहिलं. तिनं त्याला तीन वेळा फुंकवलं, चौथी नाही. आकडा चांगला होता. "नोकरीवर जातो आता," तो म्हणाला, "नातवाला पण सोडतो शाळेत. त्याच्या छातीत पण जरा वाजतं, गं." "घेऊन या त्याला," ती म्हणाली. "उद्याच." तो उठला, दारापर्यंत गेला, आणि चौकटीला धरून वळला.

"प्रभे, असा पंप घेत राहिलो, तर अजून किती वर्षं काढीन मी?"

तिनं पेन खाली ठेवलं. त्याच्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"पुष्कळ," ती म्हणाली. "पुष्कळ वर्षं जगाल, काका. मी बघेन ते."

त्याला कळलं, की ही वर्षं नंदूसकट काढायची होती. तो चौकट सोडून हळूहळू जिना उतरायला लागला, आणि तिनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.